डॉक्टरांचा उजवा हात आणि त्याची सनद

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मला भेटावयास आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले एक प्रमाणपत्र त्याच्या हाती होते. दहावीला त्याला विज्ञानात उत्तम गुण होते. वडील यंत्रमागावर कामाला; आई घरी बसून साड्यांना टिकल्या लावणारी. बारावीनंतर एका खाजगी संस्थेत दोन वर्षे शिकून तो 'डायलिसिस टेक्निशियन' झाला होता. निदान प्रमाणपत्रावर तरी तसे छापलेले होते. एका रुग्णालयातील नोकरीचा अर्ज भरताना त्याला एक रकाना आढळला : 'नोंदणी क्रमांक'. तो मला विचारू लागला, "बाई, हा क्रमांक प्रमाणपत्रावर कुठं असतो?"

मी ते प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिले. त्यावर सोनेरी शिक्का होता, रंगीत किनार होती, तीन सह्या होत्या. परंतु ती संस्था कोणत्या विद्यापीठाशी अथवा सरकारी मंडळाशी संलग्न आहे, ह्याविषयी एक शब्दही नव्हता. ह्याच मुलाने प्रवेश घेण्यापूर्वी माझा सल्ला विचारला होता आणि "दवाखान्याचे काम आहे, शिक्षण वाया जाणार नाही," असे मीच त्याला सांगितले होते. मी कला शाखेची पदवीधर; वैद्यकातले मला काही कळत नाही, हे खरे. पण छापलेले वाचता तर येत होते! त्या दिवसापासून मी ह्या विषयाची माहिती गोळा करू लागले. जे काही समजले ते विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या पालकांच्या पुढे ठेवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

विद्यार्थिमित्रांनो, सुरतेच्या नवीन सिव्हिल रुग्णालयात किंवा महानगरपालिकेच्या स्मीमेर रुग्णालयात एक सकाळ घालवून पाहा. रक्ताचा नमुना घेणारा एक, तो तपासणारा दुसरा, क्ष-किरणांचे छायाचित्र काढणारा तिसरा, शस्त्रक्रियेच्या खोलीत भूल देण्याची सामग्री सज्ज ठेवणारा चौथा. रोगी ह्या सर्वांना 'डॉक्टरसाहेब' म्हणतो. वास्तविक ह्यांपैकी एकही डॉक्टर नसतो. हे सारे वैद्यकीय साहाय्यक. प्रत्येकाचे क्षेत्र लहान असते. पण त्या लहान क्षेत्रातले त्याचे कौशल्य फार खोल असावे लागते.

एकच उदाहरण घ्या. हृदय उघडून शस्त्रक्रिया करावयाची असते तेव्हा पुष्कळदा काही वेळ हृदय थांबवून ठेवतात. तेवढ्या वेळात रोग्याचे रक्त एका यंत्रातून फिरते. यंत्र त्यात प्राणवायू मिसळते आणि ते पुन्हा शरीरात सोडते. हे यंत्र चालविणाऱ्यास 'परफ्यूजनिस्ट' म्हणतात. शल्यविशारदाचे डोळे हृदयावर असतात, ह्याचे डोळे यंत्रावर. कोणाही एकाचे लक्ष क्षणभर ढळले, तर रोग्याचे प्राण धोक्यात येतात. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रोग्याचे रक्त यंत्राने शुद्ध करणारा डायलिसिसचा तंत्रज्ञही असाच जोखमीच्या जागी उभा असतो. डॉक्टर सांगतो आणि साहाय्यक करतो. म्हणूनच लोक त्याला डॉक्टरांचा उजवा हात म्हणतात. आता हा हात शिकलेला आहे की नाही, हे रोग्याने कसे ओळखावे? रोगी परीक्षा घेऊ शकत नाही. त्याच्या वतीने समाजाने परीक्षा घ्यावी आणि उत्तीर्णांची नावे एका वहीत लिहून ठेवावी, ह्याचेच नाव नोंदणी. वकिलाला सनद लागते, मोटार हाकणाऱ्याला परवाना लागतो, त्यातलाच हा प्रकार.

आमच्या कोकणी घरात आजी औषधाला 'वखद' म्हणत असे. गावच्या दवाखान्यातील कंपौंडरच्या हातचे वखद डॉक्टरांच्या वखदापेक्षा अधिक गुणकारी, अशी तिची श्रद्धा होती. कित्येक घरांतून ही श्रद्धा आढळते, आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. अनेक वर्षे एकाच जागी बसून, हजारो चिठ्ठ्या वाचून, मिश्रणे तयार करून तो मनुष्य हुशार झालेला असे. परंतु अशाच दुसऱ्या गावी दुसरा कंपौंडर अर्धवट शिकलेला असला, तर त्याच्या चुकीचा जाब त्याला कोण विचारणार?

आपल्या प्रांताला हा प्रश्न नवीन नाही. १८७१ साली अहमदाबादेस आणि १८७८ साली पुण्यास वैद्यकीय शाळा निघाल्या. त्याच पुढे दोन्ही शहरांतील बी. जे. मेडिकल कॉलेजे झाल्या. अहमदाबादच्या शाळेतून आरंभी 'हॉस्पिटल असिस्टंट' तयार होत. पूर्ण डॉक्टर थोडे आणि रोगी अपार, अशा स्थितीत मधली पायरी निर्माण करावी लागते, हे त्या काळीच ध्यानात आले होते. स्वातंत्र्याच्या सुमारास साहाय्यकांसाठी कायद्यांची पहिली मोठी फळी उभी राहिली. १९४७ साली परिचारिकांसाठी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. १९४८ साली औषधनिर्मात्यांचा, म्हणजे फार्मसीचा कायदा झाला, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषध तयार करून देण्याचे काम नोंदणीकृत माणसाचेच ठरले. जुन्या कंपौंडरांना मात्र कायद्याने एकाएकी रस्त्यावर आणले नाही. दवाखान्यात निदान पाच वर्षे औषधे तयार केल्याचा अनुभव असणाऱ्यांना पहिल्या नोंदवहीत नाव घालण्याची वाट त्याने ठेवली. त्याच वर्षीच्या दंतवैद्यांच्या कायद्यात दात स्वच्छ करणाऱ्या साहाय्यकांची आणि कृत्रिम दात घडविणाऱ्या कारागिरांचीही वेगळी नोंद सांगितलेली आहे. कोणाचा हात कोठपर्यंत पोहोचावा, हे लिहून ठेवण्याचा हा प्रयत्न होता.

परंतु पुढे यंत्रे आली, प्रयोगशाळा आल्या, नवनवे धंदे निघाले, आणि कायदा मागे राहिला. अमेरिकेत १९६५ साली ड्यूक विद्यापीठातील डॉ. यूजीन स्टेड ह्यांनी नौदलात रुग्णसेवा केलेले चार तरुण निवडले आणि त्यांना डॉक्टरांचे साहाय्यक होण्याचे रीतसर शिक्षण देण्यास आरंभ केला. १९६७ साली त्यांपैकी तिघे उत्तीर्ण झाले. आज त्या देशात ह्या व्यवसायात शिरू इच्छिणाऱ्यास मान्यताप्राप्त शिक्षणक्रम पुरा करावा लागतो, राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते आणि आपल्या राज्याचा परवाना घ्यावा लागतो. राष्ट्रीय प्रमाणपत्र टिकविण्यासाठी दर दोन वर्षांत १०० तासांचे नवे शिक्षणही पुरे करावे लागते. आपल्या देशात चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशन ह्या संस्थेत हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन ह्यांनी १९९२ साली असाच शिक्षणक्रम सुरू केला. शिक्षण सुरू झाले. पण ह्या पदवीधरांची देशभर चालणारी नोंदवही कोठेच नव्हती. त्यामुळे ज्याने चार वर्षे कष्टाने शिक्षण घेतले तो, आणि ज्याने चार महिन्यांत रंगीत कागद मिळविला तो, दोघेही एकाच नावाने बाजारात उभे राहू लागले.

नोंद नसली की तंटे न्यायालयात जातात. ह्याचे ठळक उदाहरण आपल्या गुजरातेतलेच आहे. रक्त-लघवी तपासणाऱ्या खाजगी प्रयोगशाळा चालविणारे तंत्रज्ञ एका बाजूस आणि ह्या शास्त्रातील डॉक्टर, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट, दुसऱ्या बाजूस, असा उत्तर गुजरातेत वाद माजला. अहवालावर अखेरची सही कोणाची, हा प्रश्न होता. गुजरात उच्च न्यायालयाचा निर्णय डॉक्टरांच्या बाजूने झाला. आणि १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही असे म्हटले की, अहवालावर सही करावयाची ती पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरानेच. पुढे २०२० साली केंद्र सरकारच्या नियमांत काही विषयांतील उच्च पदवीधरांना आपापल्या विषयाच्या तपासणीपुरती सही करण्याची मुभा मिळाली. परंतु त्यांनी त्यावर मत वा निष्कर्ष लिहू नये आणि हा अहवाल म्हणजे रोगनिदान नव्हे असे त्यावर नमूद करावे, ही अट राहिली.

ह्या अटीचे मर्म विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. रक्तात साखर किती, हे मोजणे एक काम आहे. ह्या साखरेचा अर्थ काय आणि ह्या रोग्याला त्यासाठी कोणते औषध द्यावे, हे ठरविणे दुसरे. पहिल्या कामात तंत्रज्ञ डॉक्टरापेक्षा निष्णात असू शकेल. तरीही दुसऱ्या कामाची जबाबदारी त्याने अंगावर घ्यावयाची नसते. देखरेखीखाली काम करणे म्हणजे हेच. त्यात कमीपणा मुळीच नाही. नावाडी नाव हाकतो आणि सुकाणूवाला दिशा ठरवितो. आमच्या कोकणच्या खाडीत दोघांचीही किंमत सारखीच मानतात.

अखेर २०२१ च्या मार्च महिन्यात संसदेने 'राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग' स्थापन करणारा कायदा संमत केला. ह्या कायद्यात व्यवसायांचे दहा वर्ग पाडलेले आहेत. प्रयोगशाळेचे काम, शस्त्रक्रिया व भूल ह्यांसंबंधीचे काम, भौतिक उपचार, आहारशास्त्र, नेत्रविषयक काम, क्ष-किरण व प्रतिमाशास्त्र इत्यादी वर्ग त्यात आहेत. हृदयरोगविषयक तंत्रज्ञ, परफ्यूजनिस्ट आणि डॉक्टरांचा साहाय्यक, ज्याला कायद्यात 'फिजिशियन असोसिएट' असे नाव आहे, हे एका वर्गात बसतात. शिक्षण किती हवे, तेही कायद्याने सांगितले आहे. तंत्रज्ञ व साहाय्यक ह्यांच्या पदविकेसाठी वा पदवीसाठी दोन ते चार वर्षांत मिळून निदान २,००० तास. आणि ज्यांना उपचारांत अधिक स्वतंत्र जबाबदारी घ्यावयाची आहे त्यांच्या पदवीसाठी तीन ते सहा वर्षांत निदान ३,६०० तास. केंद्रीय आयोगाने शिक्षणाचे व आचरणाचे मानदंड ठरवावे, राज्याच्या परिषदेने नावे नोंदवावी, आणि ज्याचे नाव नोंदवहीत नाही त्याने ह्या व्यवसायाचे नाव लावून काम करू नये, अशी ही रचना आहे. नोंद नसताना ती असल्याचे भासविणाऱ्यास दंडाची शिक्षाही सांगितलेली आहे.

कायदा झाला म्हणजे काम झाले असे मात्र नाही. तीन वर्षे लोटली तरी अनेक राज्यांत परिषदा स्थापनच झाल्या नव्हत्या. म्हणून १२ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला, दोन महिन्यांत कायद्याची अंमलबजावणी करा, असे राज्यांना सांगावे लागले. ह्याचा अर्थ असा की, योग्य शिक्षण घेतलेल्याही एखाद्या तरुणाला नोंदणीसाठी थांबावे लागले असेल. परंतु ज्याच्या संस्थेला मान्यताच नाही, त्याने कितीही वर्षे थांबून काय उपयोग?

देखरेखीचे प्रकार मात्र कामागणिक निरनिराळे असतात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका गुजरातेत २००७ साली सुरू झाली. तीत बहुधा डॉक्टर नसतो. शिकलेला साहाय्यक असतो, आणि तो दूर केंद्रात बसलेल्या डॉक्टरांचा सल्ला दूरध्वनीवरून घेत धावत्या गाडीत उपचार करतो. क्ष-किरणांच्या खोलीत आणखी वेगळी देखरेख असते. मुंबईस १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ तेथील यंत्रांवर व ती चालविणाऱ्यांच्या पात्रतेवर लक्ष ठेवते; तंत्रज्ञाच्या अंगावर एक छोटा बिल्ला असतो, आणि त्याच्या शरीरावर किती किरण पडले ह्याचा हिशेब त्या बिल्ल्यावरून ठेवतात. नियम रोग्याइतकाच साहाय्यकालाही जपतो, हे ह्यावरून दिसून येईल. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात 'सामुदायिक आरोग्य सेवक' ह्यांस मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. प्राथमिक व प्रतिबंधक उपचारांत ठराविक औषधे त्यांनी स्वतः द्यावी, त्यापलीकडे मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावी, असे त्यात म्हटले आहे.

मर्यादेची रेषा पुसट झाली म्हणजे काय घडते, हे इंग्लंडच्या अनुभवावरून कळते. तेथे डॉक्टरांची नोंद ठेवणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलने डिसेंबर २०२४ पासून 'फिजिशियन असोसिएट' ह्यांचीही नोंदणी सुरू केली. परंतु आपण डॉक्टरांना भेटलो की साहाय्यकाला, हेच अनेक रुग्णांना उमगत नसे, आणि त्यावरून मोठा वाद उठलेला होता. सरकारने प्राध्यापिका जिलियन लेंग ह्यांस चौकशीस नेमले. जुलै २०२५ मधील अहवालात त्यांनी सुचविले की, 'असोसिएट' हे नाव सोडून 'असिस्टंट' हे सरळ नाव घ्यावे, वेशावरून व ओळखपट्टीवरून ते डॉक्टरांहून निराळे ओळखू यावे, आणि ज्या रुग्णाचे निदान झालेलेच नाही त्याला, ठरवून दिलेल्या पद्धतीखेरीज, त्यांनी पाहू नये. नावातल्या एका शब्दासाठी एवढा काथ्याकूट कशाला, असे आपणांस वाटेल. पण रोगी विश्वास टाकतो तो नाव ऐकूनच.

आता पालकांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. आपल्या मुलाला वा मुलीला ह्या मार्गाला पाठविण्यापूर्वी, पैसे भरण्याच्या अगोदर, संस्थेच्या कचेरीत जाऊन शांतपणे विचारावे : हा शिक्षणक्रम कोणत्या विद्यापीठाचा वा सरकारी मंडळाचा? परीक्षा कोण घेते, आणि प्रमाणपत्रावर सही कोणाची असते? एकंदर तास किती, आणि त्यांतले प्रत्यक्ष रुग्णालयातले किती? रुग्णालय कोणते, आणि तेथे कोणत्या डॉक्टरांच्या हाताखाली शिकावयाचे? ह्या शिक्षणानंतर नाव कोणत्या परिषदेच्या नोंदवहीत लागते? उत्तरे तोंडी घेऊ नयेत. लेखी घ्यावी, आणि त्या विद्यापीठाकडे व परिषदेकडे स्वतः चौकशी करून पडताळून पाहावी. "उद्या शेवटची तारीख आहे, आधी पैसे भरा," असे कोणी म्हणू लागला, तर तेथून उठून यावे. घरात ह्यातले वाचून समजणारे कोणी नसल्यास शाळेत यावे. शिक्षकांनीही माझ्यासारखे न वाचता उत्तर देऊ नये.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही रोगी म्हणून रुग्णालयात जाल, तेव्हाही एक प्रश्न नम्रपणे विचारण्यास संकोच करू नका : "आपण डॉक्टर आहात का, आणि नसल्यास आपले काम कोणते?" प्रामाणिक साहाय्यक ह्या प्रश्नाने रागावणार नाही. ज्याने आपले काम कष्टाने मिळविले आहे, त्याला ते सांगताना अभिमानच वाटेल.

आमच्या त्या विद्यार्थ्याची हकीकत अर्धवट ठेवून चालणार नाही. आईच्या पाटल्या मोडून भरलेले पैसे परत मिळाले नाहीत. तो रडला नाही. मलाच काही वेळ बोलता आले नाही. यंदा जून महिन्यात आम्ही दोघे मिळून एका शिक्षणक्रमाची माहितीपत्रे वाचली, विद्यापीठाच्या कचेरीला पत्र लिहिले, आणि उत्तर आल्यावरच त्याने पहिल्या वर्षात नाव घातले. त्याच्या बरोबरीची मुले पुढे गेली. हा वयाने मोठा होऊन पहिल्या बाकावर बसला आहे. रात्री तो एका दवाखान्यात फरशी पुसण्याचे व रोग्यांना खाटेवरून उचलण्याचे काम करतो. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "बाई, काल रात्री एका रोग्याची सलाईन संपत आली होती. बदलायला मला येतं. त्या संस्थेत शिकवलं होतं. पण मी हात लावला नाही. धावत जाऊन सिस्टरांना बोलावून आणलं."

मी त्याला शाबासकी दिली. सनद त्याच्या हाती पडावयास अजून काही वर्षे आहेत. परंतु सनदेमागचा धडा तो शिकून चुकला आहे.